नव्या भाषा-आवृत्तीचे समर्थन (सॉफ्टवेअर लायब्ररी)

नव्या भाषा-आवृत्तीचे समर्थन म्हणजे एखाद्या संगणक भाषेची नवी आवृत्ती प्रसिद्ध झाल्यावर त्या भाषेसाठी लिहिलेली लायब्ररी नव्या आवृत्तीवर बांधली जाईल, चाचण्यांना उतरेल आणि वापरकर्त्याच्या संगणकावर विनासायास बसवता येईल, अशी तजवीज करणे होय. इतर आज्ञावलींना वापरता येईल अशा तयार कोडच्या संचास लायब्ररी म्हणतात. तिच्या मूळ कोडपासून संगणकावर प्रत्यक्ष बसवता येणारी फाइल तयार करण्याच्या प्रक्रियेस बांधणी, व्यवहारात बिल्ड, असे म्हणतात.

हे काम बाहेरून किरकोळ भासते. वर्णनफाइलमध्ये एक ओळ वाढवली की लायब्ररी नव्या आवृत्तीला चालते, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात ती ओळ हा केवळ दावा असतो. तो खरा ठरवण्यासाठी लागणारी बांधणी लायब्ररीच्या विकासकांनी केली नाही, तर तिचा भार वापरकर्त्यावर येतो, आणि तो वापरकर्ता बहुतेक वेळा कंपायलर कधीही न वापरलेला विद्यार्थी असतो. प्रस्तुत लेखात मुख्यतः पायथन भाषेतील कार्यपद्धतीचे, आणि महाराष्ट्राशी संबंधित उदाहरण म्हणून आयआयटी बॉम्बेशी निगडित ‘मायावी’ या लायब्ररीचे विवेचन केले आहे.

पार्श्वभूमी

पायथनच्या आवृत्त्या पूर्वी साधारण दीड वर्षाच्या अंतराने निघत. पीईपी ६०२ या प्रस्तावानुसार ३.९ पासून दर वर्षी ऑक्टोबरात नवी आवृत्ती प्रसिद्ध होते. (पीईपी हे पायथनमधील बदलांच्या अधिकृत प्रस्तावांचे संक्षिप्त नाव आहे.) प्रत्येक आवृत्तीला एकूण पाच वर्षे आधार मिळतो. सुरुवातीच्या काळात दोष दुरुस्त केले जातात आणि नंतर केवळ सुरक्षाविषयक दुरुस्त्या होतात. त्यामुळे कोणत्याही वेळी पाच आवृत्त्या जिवंत असतात. लायब्ररी विंडोज, लिनक्स व मॅकओएस या तिन्ही प्रणालींवर चालवायची असेल, तर प्रत्येक बदलानंतर किमान पंधरा संयोगांची चाचणी करावी लागते. प्रोसेसरचे प्रकार वेगळे धरले तर हा आकडा आणखी वाढतो.

नवी आवृत्ती अचानक येत नाही. मे महिन्याच्या सुमारास पहिली बीटा आवृत्ती निघते आणि तेथून नव्या सुविधांची भर थांबते. उन्हाळ्याच्या अखेरीस पहिली प्रकाशनपूर्व उमेदवार आवृत्ती येते. त्यानंतर अंतर्गत द्वैमितिक रचना बदलणार नाही, अशी हमी असते. लायब्ररी तयार करणाऱ्यांनी आपल्या बांधलेल्या फाइली या टप्प्यावर प्रसिद्ध कराव्यात, म्हणजे ऑक्टोबरातील प्रकाशनाच्या दिवशी वापरकर्त्याला अडचण येत नाही, अशी अपेक्षा असते. नमपाय या गणिती लायब्ररीची १.२६.० ही आवृत्ती १६ सप्टेंबर २०२३ रोजी आली आणि पायथन ३.१२ त्यानंतर २ ऑक्टोबरला प्रसिद्ध झाले. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण शास्त्रीय गणनाच्या जवळजवळ सर्व लायब्रऱ्या नमपायवर उभ्या आहेत. नमपाय तयार झाल्याखेरीज इतरांचे काम सुरूच होऊ शकत नाही.

शुद्ध पायथन आणि बांधलेला कोड

संपूर्णपणे पायथनमध्ये लिहिलेल्या लायब्ररीची एकच फाइल सर्व आवृत्त्यांवर व सर्व प्रणालींवर चालते. मराठीसह भारतीय भाषांच्या मजकुरावर प्रक्रिया करणारी ‘इंडिक एनएलपी लायब्ररी’ या प्रकारची आहे. आयआयटी बॉम्बे येथे संशोधन करताना अनुप कुंचुकुट्टन यांनी ती विकसित केली. आरंभी ती पायथन २ साठी होती, नंतर पायथन ३ कडे आणली गेली. अशा लायब्ररीत भाषेतील बदलांपुरती दुरुस्ती केली की काम भागते.

वेगासाठी काही भाग सी, सी++ किंवा फोरट्रान भाषेत लिहिलेल्या लायब्ररीची गोष्ट वेगळी असते. हा भाग कंपायलरमधून काढून यंत्रभाषेत उतरवावा लागतो, आणि ३.११ साठी उतरवलेला भाग सामान्यतः ३.१२ मध्ये चालत नाही. बांधलेल्या फाइलीच्या, म्हणजे व्हीलच्या, नावातच ही मर्यादा लिहिलेली असते. नावातील ‘सीपी३१२’ ही खूण पायथनची आवृत्ती सांगते, तर पुढील खुणा कार्यप्रणाली व प्रोसेसर सांगतात. ‘पिप’ हे स्थापना-साधन या खुणा वाचून आपल्या संगणकास जुळणारे व्हील निवडते. जुळणारे व्हील सापडले नाही, तर पिप मूळ कोडाचा गठ्ठा उतरवून तेथेच बांधणी सुरू करते. विंडोजवर या वेळी मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ १४.० किंवा त्यावरील आवृत्ती आवश्यक असल्याची सूचना येते आणि काम थांबते. ज्याला फक्त लायब्ररी वापरायची होती, त्याला आता काही गिगाबाइटची कंपायलर-साधने उतरवणे भाग पडते.

या अडचणीवर एक उपाय पायथन ३.२ पासून उपलब्ध आहे. पीईपी ३८४ ने सी भाषेतील फलनांचा एक मर्यादित व स्थिर संच निश्चित केला. लायब्ररीने स्वतःला त्या संचापुरते बांधून घेतले, तर तिची एक बांधणी पुढील सर्व ३.x आवृत्त्यांवर चालते. सांकेतिकीकरणाची ‘क्रिप्टोग्राफी’ ही लायब्ररी या पद्धतीने व्हील प्रसिद्ध करते. मात्र पायथनच्या अंतर्गत रचनेशी थेट व्यवहार करून वेग मिळवणाऱ्या अनेक लायब्रऱ्यांना हा संच अपुरा पडतो.

पायथन २ ते पायथन ३

आवृत्तीबदलाचे सर्वांत मोठे उदाहरण पायथन ३.० चे आहे. ही आवृत्ती ३ डिसेंबर २००८ रोजी प्रसिद्ध झाली. ती मागील आवृत्त्यांशी जाणूनबुजून विसंगत ठेवली होती. पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला, म्हणजे स्थलांतराला अकरा वर्षे लागली. मुद्रणाची आज्ञा फलनात बदलली, आणि तीन भागिले दोन याचे उत्तर एकऐवजी दीड येऊ लागले. सी भाषेतील भागांत तर प्रत्येक घटकाच्या आरंभ-फलनाचे नावच बदलले. हे सर्व बदल साधनांच्या मदतीने बऱ्याच अंशी उरकता येत होते. दोन्ही आवृत्त्यांवर चालणारा कोड लिहिण्यासाठी ‘सिक्स’ नावाची छोटी लायब्ररी निघाली. दोन गुणिले तीन म्हणजे सहा, असे तिच्या नावाचे मूळ आहे.

खरी अडचण मजकुराच्या स्वरूपात होती, आणि देवनागरी वापरणाऱ्यांना ती सर्वांत आधी जाणवली. पायथन २ मधील साधी अक्षरमाला ही बाइटांची माला होती. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. त्यामुळे ‘जळगाव’ या शब्दाची लांबी पायथन २ मध्ये १५ भरे आणि ‘धुळे’ या शब्दाची १२. ‘जळगाव’मधील पहिले चार घटक मागितले, तर ‘ज’ आणि त्यापुढे ‘ळ’चा एक तृतीयांश तुकडा हाती येई. युनिकोड अक्षरमाला वेगळ्या प्रकाराने लिहिण्याची सोय होती, पण दोन्ही प्रकार एकत्र आले की पायथन मधल्यामध्ये आस्की पद्धतीने रूपांतर करू पाही आणि पहिल्याच देवनागरी चिन्हावर आज्ञावली बंद पडे. इंग्रजी मजकुरावर तपासलेली लायब्ररी वर्षानुवर्षे निर्दोष वाटे, कारण आस्कीमध्ये हा दोष कधी उघड होत नसे. फाइलीच्या आरंभी कूटपद्धतीची घोषणा नसेल, तर मराठीतील साधी टीपही पायथन २ ला वाक्यरचनेची चूक वाटे.

पायथन ३ मध्ये अक्षरमाला ही युनिकोड चिन्हांची माला झाली आणि फाइलीची गृहीत कूटपद्धती यूटीएफ-८ ठरली. आता ‘जळगाव’ची लांबी ५ व ‘धुळे’ची ४ येते. मराठी वाचक ‘धुळे’ या शब्दात दोनच अक्षरे मोजेल. युनिकोड मात्र ध, उकार, ळ आणि मात्रा ही चार चिन्हे मोजते. म्हणजे भाषेच्या नव्या आवृत्तीने प्रश्न पूर्ण सोडवला नाही. तो बाइटांच्या पातळीवरून चिन्हांच्या पातळीवर आणला, आणि तेथे तो सुटण्याजोगा झाला.

या बदलाचा एक धागा अद्याप चालू आहे. विंडोजवर फाइल उघडताना कूटपद्धती सांगितली नाही, तर पायथन संगणकाच्या स्थानिक मांडणीतील पद्धत गृहीत धरते, आणि यूटीएफ-८ मधील मराठी मजकूर वाचताना तो विद्रूप होतो किंवा दोष उत्पन्न होतो. पीईपी ६८६ नुसार ३.१५ या आवृत्तीपासून सर्वत्र यूटीएफ-८ हीच गृहीत पद्धत राहील, असे ठरले आहे. कूटपद्धती न सांगता फाइली उघडणाऱ्या लायब्रऱ्यांना या आवृत्तीसाठी आपला कोड पुन्हा तपासावा लागेल.

मायावीचे उदाहरण

मायावी ही त्रिमितीय शास्त्रीय माहितीचे दृश्यांकन करणारी मुक्त लायब्ररी आहे. द्रवांचा प्रवाह, तापमानाचे वितरण, भूपृष्ठाची उंची अशा प्रकारची माहिती ती चित्ररूपात दाखवते. प्रभू रामचंद्रन यांनी ती सुरू केली. पुढे ते आयआयटी बॉम्बेच्या वायुअवकाश अभियांत्रिकी विभागात प्राध्यापक झाले. दुसऱ्या पिढीच्या मायावीची रचना एन्थॉट या कंपनीच्या साधनसंचावर करण्यात आली. तिच्याविषयीचा रामचंद्रन व गाएल व्हारोको यांचा लेख २०११ मध्ये ‘कम्प्युटिंग इन सायन्स अँड इंजिनिअरिंग’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

मायावी स्वतः बहुतांशी पायथनमध्येच आहे, आणि तरीही पायथन ३ पर्यंत पोहोचण्यास तिला बराच काळ लागला. याचे कारण अवलंबनाच्या साखळीत आहे. चित्रे काढण्याचे मूळ काम व्हीटीके ही सी++ मधील मोठी लायब्ररी करते. मायावी तिच्या खांद्यावर बसलेली आहे. व्हीटीकेने पायथन ३ ला समर्थन दिले ते २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ७.० या आवृत्तीत. त्यापूर्वी मायावीच्या विकासकांनी आपला सगळा कोड पायथन ३ ला साजेसा केला असता, तरी तो चालवून पाहण्याची सोय नव्हती. व्हीटीके ७ आल्यावर त्याच वर्षी मायावीच्या ४.५.० या आवृत्तीत पायथन ३ चे प्राथमिक समर्थन आले.

मायावीची बांधणी आणखी एका कारणाने अवघड आहे, आणि ते कारण इतर लायब्रऱ्यांत क्वचित आढळते. तिच्यातील ‘टीव्हीटीके’ हा भाग व्हीटीकेमधील प्रत्येक वर्गाभोवती पायथनला सोयीचे आवरण घालतो. हे वर्ग शेकड्यांनी असल्यामुळे आवरणे हाताने लिहिलेली नाहीत. बांधणीच्या वेळी एक आज्ञावली संगणकावरील व्हीटीके उघडते, तिच्यातील वर्ग व त्यांचे गुणधर्म एकेक करून तपासते, त्यांवरून पायथनचा कोड स्वतः लिहिते आणि तो सर्व एका झिप फाइलीत भरून ठेवते. परिणामी बांधणीच्या क्षणी व्हीटीके संगणकावर असलीच पाहिजे. ती चालू पायथनच्या आवृत्तीसाठी बांधलेली हवी, आणि पुढे वापरताना मिळणाऱ्या व्हीटीकेशी ती जुळतीही हवी.

पीईपी ५१७ व ५१८ यांनी आणलेल्या नव्या बांधणीपद्धतीत हा तिसरा मुद्दा विशेष नाजूक ठरतो. या पद्धतीत पिप प्रत्येक लायब्ररीची बांधणी एका वेगळ्या, तात्पुरत्या परिसरात करते. बांधणीला काय काय लागते, ते ‘पायप्रोजेक्ट.टॉमल’ या फाइलीत आधी लिहून ठेवायचे असते. बहुतेक लायब्रऱ्यांसाठी हा मोठाच फायदा आहे, कारण वापरकर्त्याच्या संगणकावर पूर्वी काय बसवले होते याचा बांधणीवर परिणाम होत नाही. परंतु टीव्हीटीकेसारखा भाग तात्पुरत्या परिसरातील व्हीटीके पाहून आवरणे लिहितो आणि प्रत्यक्ष चालतो तो वापरकर्त्याच्या व्हीटीकेवर. दोन्हींच्या आवृत्त्यांत फरक असेल, तर बांधणी निर्वेध पार पडूनही चित्र काढताना दोष दिसू शकतो.

याशिवाय खिडक्या व बटणे दाखवण्यासाठी मायावीला क्यूट किंवा डब्ल्यूएक्सपायथन लागते, आणि माहितीच्या सारण्यांसाठी नमपाय. नव्या पायथनवर मायावी चालण्यासाठी या सर्वांनी आधी नव्या पायथनसाठी आपापली व्हील्स प्रसिद्ध केलेली असावी लागतात. साखळीतील सर्वांत उशिरा येणारा दुवा संपूर्ण साखळीचा वेग ठरवतो.

३.११ आणि ३.१२ मधील बदल

पायथन २ मधून ३ मध्ये जाण्याइतका मोठा बदल पुन्हा झालेला नाही. तरीही वार्षिक आवृत्त्यांनी बांधणी मोडण्याचे प्रसंग येतात. २४ ऑक्टोबर २०२२ रोजी आलेल्या ३.११ मध्ये पूर्णांकांच्या अंतर्गत रचनेचे वर्णन करणारी एक हेडर फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवण्यात आली. सायथन हे साधन पायथनसदृश भाषेतून सी भाषेचा कोड तयार करते. त्याच्या जुन्या आवृत्तीने तयार केलेल्या कोडात या फाइलीचे जुने ठिकाण नोंदलेले होते. ज्या लायब्रऱ्यांनी असा तयार सी कोड आपल्या गठ्ठ्यात घालून ठेवला होता, त्यांची बांधणी ३.११ वर पहिल्या काही ओळींतच कोसळली. लायब्ररीच्या लेखकांनी लिहिलेल्या एकाही ओळीत दोष नव्हता. नव्या सायथनने तोच कोड पुन्हा तयार करणे एवढाच उपाय होता, परंतु तो करण्यास कोणी हजर नसलेल्या लायब्रऱ्या तशाच राहिल्या.

३.१२ चा बदल अधिक मूलगामी होता. पायथनसोबत २००० सालापासून येणारे ‘डिस्टयुटिल्स’ हे बांधणीचे साधन पीईपी ६३२ नुसार काढून टाकण्यात आले. ते काढले जाणार, अशी सूचना ३.१० पासून दिली जात होती. नमपायने याच साधनावर रचलेली आपली स्वतंत्र बांधणीयंत्रणा शास्त्रीय लायब्रऱ्यांत अनेक वर्षे रूढ होती. मायावीची बांधणीही तिच्यावरच अवलंबून होती. ३.१२ साठी ही यंत्रणा नमपायनेच बंद केली आणि स्वतःची बांधणी मेसॉन या साधनाकडे नेली. सायपायने हेच स्थलांतर २०२२ च्या १.९.० आवृत्तीत आधीच केले होते. त्यांच्यावर विसंबलेल्या प्रत्येक लायब्ररीला मग आपली ‘सेटअप.पाय’ फाइल नव्याने लिहिणे भाग पडले.

याच आवृत्तीपासून नव्या आभासी परिसरात सेटअपटूल्स आपोआप येणे बंद झाले. अनेक लायब्रऱ्या ते गृहीत धरून चालत, पण आपल्या गरजांच्या यादीत त्याचा उल्लेख करत नसत. इतकी वर्षे झाकून राहिलेली ही नोंद एका रात्रीत उघडी पडली. पायथन ३.१३ (७ ऑक्टोबर २०२४) सोबत जागतिक कुलूप नसलेली प्रायोगिक बांधणी आली. तिच्यासाठी ‘सीपी३१३टी’ अशी वेगळी खूण व वेगळी व्हील्स लागतात.

आवृत्ती क्रमांकातील गोंधळ

आवृत्तीचा क्रमांक हा दशांश अपूर्णांक नसतो, ही गोष्ट ३.९ पर्यंत कोणाला फारशी आठवावी लागली नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये ३.१० आले आणि क्रमांकाची पहिली तीनच चिन्हे वाचणाऱ्या आज्ञावलींना ते ३.१ वाटू लागले. स्वयंचलित चाचणीच्या यामल फाइलींत ३.१० हा क्रमांक अवतरणचिन्हांशिवाय लिहिला, तर तो संख्या समजला जातो, त्यातील शेवटचे शून्य गळते आणि चाचणीयंत्रणा २००९ सालचे पायथन ३.१ शोधू लागते. दोष शोधण्यास तासभर आणि दुरुस्त करण्यास दोन अवतरणचिन्हे, असा हा प्रकार होता.

जुन्या आवृत्त्यांचा त्याग

नवी आवृत्ती जोडताना जुनी केव्हा सोडावी, याबाबत शास्त्रीय लायब्रऱ्यांनी काही संकेत ठरवले आहेत. नमपायच्या एनईपी २९ या प्रस्तावात पायथनच्या आवृत्तीला प्रसिद्धीपासून ४२ महिने आधार द्यावा असे म्हटले होते. नंतर आलेल्या स्पेक ० मध्ये हा काळ ३६ महिने केला आहे. स्वतः पायथन पाच वर्षे आधार देत असताना लायब्रऱ्यांनी तो तीन वर्षांवर आणणे स्वयंसेवकांच्या वेळेचा विचार करता समर्थनीय आहे. जुन्या संगणकांवर काम करणाऱ्यांना मात्र त्याची झळ बसते.

ही झळ कमी करणारी एक यंत्रणा पिपच्या ९.० आवृत्तीपासून आहे. लायब्ररीने आपल्याला किमान कोणते पायथन लागते हे नोंदवले असेल, तर पिप जुन्या पायथनसाठी त्या लायब्ररीची शेवटची चालणारी आवृत्ती निवडते. २०१७ मध्ये आयपायथन ६.० ने पायथन २ सोडले, तेव्हा याच नोंदीमुळे पायथन २ च्या वापरकर्त्यांना ५ ही मालिका मिळत राहिली. या नोंदीत कमाल मर्यादाही घालता येते, परंतु ती काळजीपूर्वक वापरावी लागते. नव्या पायथनवर पिप मर्यादा घातलेली आवृत्ती वगळते आणि मर्यादा न घातलेली, अधिक जुनी व हमखास न चालणारी आवृत्ती बांधू लागते.

खानदेशातील संदर्भ

खानदेशातील जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे मुख्यालय जळगाव येथे असून तेथे संगणकशास्त्राची स्वतंत्र प्रशाला आहे. जळगाव, बांभोरी, धुळे व शिरपूर येथे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. जळगाव व धुळे येथील शासकीय तंत्रनिकेतने महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाशी संलग्न आहेत. मंडळाच्या ‘आय’ योजनेत संगणक शाखेच्या सहाव्या सत्रात पायथनचा विषय समाविष्ट होता.

अभ्यासक्रमात भाषेचे नाव लिहिलेले असते, पण प्रयोगशाळेतील संगणकावर तिची विशिष्ट आवृत्ती असते. आयआयटी बॉम्बेच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातील पायथनच्या धड्यांची मालिका ३.४.३ या आवृत्तीच्या नावानेच ओळखली जाते. पायथन ३.४ चा आधार मार्च २०१९ मध्ये संपला. धड्यांतील भाषेचे मूलभूत भाग आजही जसेच्या तसे लागू पडतात. अडचण येते ती धडा पाहून विद्यार्थी आजच्या पायथनवर लायब्ररी बसवू लागतो तेव्हा, किंवा जुन्या पायथनवर आजची लायब्ररी मागतो तेव्हा.

कार्यप्रणालीमुळेही आवृत्ती ठरून जाते. पायथन ३.९ व त्यापुढील आवृत्त्या विंडोज ७ वर चालत नाहीत. विंडोज ७ असलेल्या संगणकावर ३.८ हीच शेवटची आवृत्ती राहते. नमपायने ३.८ ला १.२४ या मालिकेपर्यंतच साथ दिली, त्यामुळे अशा संगणकावर त्यापुढील नमपाय मिळत नाही. पायथन ३.८ चा स्वतःचा आधार ऑक्टोबर २०२४ मध्ये संपला. उबुंटूसारख्या लिनक्स प्रणालींत पायथनची आवृत्ती प्रणालीसोबतच येते: २०.०४ मध्ये ३.८, २२.०४ मध्ये ३.१० आणि २४.०४ मध्ये ३.१२. अशा ठिकाणी ऑक्टोबरात आलेली नवी आवृत्ती लगेच बसवण्याऐवजी एक-दोन वर्षे जुनी आवृत्ती वापरणे सोयीचे ठरते, कारण तोपर्यंत बहुतेक लायब्रऱ्यांची व्हील्स तयार झालेली असतात.

ज्या प्रयोगशाळेत इंटरनेट जोडणी क्षीण आहे, तेथे एका संगणकावर सर्व व्हील्स उतरवून ती पेन ड्राइव्हवरून इतरत्र बसवण्याची पद्धत आहे. पिपमध्ये त्यासाठी केवळ उतरवण्याची वेगळी आज्ञा असून, बसवताना जाळ्यावर न जाता दिलेल्या फोल्डरमधूनच फाइली घ्याव्यात, असेही सांगता येते. उतरवणारा संगणक आणि प्रयोगशाळेतील संगणक यांवरील पायथनच्या आवृत्त्या भिन्न असतील, तर लक्ष्य आवृत्ती व कार्यप्रणाली स्पष्टपणे नमूद करावी लागते आणि केवळ बांधलेल्या फाइलीच घेण्याची अट घालावी लागते. ती अट नसेल, तर पिप सहसा दोषसूचना देऊन फाइली उतरवण्यास नकार देते.

इतर भाषांतील स्थिती

जावामध्ये बांधलेल्या प्रत्येक वर्ग-फाइलीत एक क्रमांक असतो. जावा ८ साठी तो ५२, जावा १७ साठी ६१ आणि जावा २१ साठी ६५ आहे. नव्या जावावर बांधलेली फाइल जुन्या जावावर चालवली, तर हा क्रमांक पाहून ती नाकारली जाते. जुनी फाइल नव्या जावावर मात्र सहसा चालते, म्हणजे तेथील अडचणीची दिशा पायथनच्या उलट आहे. गो भाषेने २०१२ मधील पहिल्या आवृत्तीपासूनच मागील कोड चालत राहील, अशी हमी दिली. रस्टमध्ये भाषेतील विसंगत बदल २०१५, २०१८, २०२१ व २०२४ अशा संस्करणांत विभागले आहेत. एकाच आज्ञावलीत वेगवेगळ्या संस्करणांतील लायब्रऱ्या एकत्र वापरता येतात, कारण प्रत्येक लायब्ररी आपले संस्करण स्वतःच्या बांधणीफाइलीत नोंदवते आणि नवा कंपायलर जुनी संस्करणेही समजतो.